तुरीनचा जावई आणि एलिदाबाईंचे पूल

लेकीचा होणारा नवरा दोन दिवसांसाठी व्हेनिसला येतोय हे कळल्यापासून एलिदाबाई झेन्नारो नुसत्या धुमसत होत्या. बाईंना जावई नको होता असं नाही. हवा होता, पण गावातला. जमलंच तर त्याच बोळातला. आणि देल्फीनाने, त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, धरून आणला होता कुठला, तर तुरीनचा! जिथली माणसं आपल्या दारात गाडीत बसतात आणि दुसऱ्याच्या दारात उतरतात. असल्या माणसांच्या पायांचं काय होत असेल देव जाणे.

"लग्न झालं की घेऊन जाईल तो माझ्या पोरीला," बाई बेकरीच्या रांगेत शेजारणीला, निवेसला, म्हणाल्या. "ती काय आपणहून जाईल होय? इथलं माणूस आपणहून कधी जात नाही. कुणीतरी ओढून नेतं."

आमच्या गावात ही समजूत इतकी पक्की आहे की उद्या अख्खा बोळ रिकामा झाला, तरी उरलेली शेवटची बाई खिडकीतून हेच सांगेल. बाकीच्या सगळ्यांना ओढून नेलं, बिचाऱ्यांना!

"मग करणार काय तू?" निवेसने विचारलं.

"काही नाही. गाव दाखवणार. चालवणार नुसतं. दोन दिवसांत तंगड्या गळ्यात आल्या की तोच म्हणेल, नको बाबा हे सासर."

"आणि पोरीच्या लक्षात आलं तर?"

"पाहुण्याला गाव दाखवणं हा काय गुन्हा आहे?"

शनिवारी सकाळी फुल्वियो गास्ताल्दी स्टेशनच्या पायऱ्या उतरला. उंच, सज्जन चेहऱ्याचा, चकचकीत बूट घातलेला आणि हातात चाकांची बॅग. ती चाकं पाहून बाईंना मनातून उकळ्या फुटल्या. बोचरी थंडी होती, धुक्यात समोरचा चर्चचा घुमट अर्धाच दिसत होता.

"आई, बोटीनं जाऊ या," देल्फीना म्हणाली. "धक्का समोरच आहे."

"बोटीनं परके जातात. हा काय परका आहे?" बाई गोड आवाजात म्हणाल्या आणि निघाल्या.

मग जे सुरू झालं त्याला चालणं म्हणायचं तर यात्रेला काय म्हणायचं? जिथं सरळ वाट होती तिथं बाईंनी वळण घेतलं, जिथं पूल टाळता आला असता तिथं मुद्दाम चढवला, आणि एक पूल तर जाता-येता दोनदा ओलांडायला लावला. बॅगेची चाकं दगडी पायऱ्यांवर खडखडत राहिली. एका अंधाऱ्या बोळात शिरून त्या थेट पाण्यापाशी थांबल्या. पुढे रस्ताच नव्हता, शेवाळलेल्या दोन पायऱ्या आणि खाली हिरवं पाणी.

"अगंबाई, चुकलेच वाटतं!"

"तू?" देल्फीनाने आईकडे रोखून पाहिलं. "तू डोळे बांधून आजोळी जाशील, आई. लाज वाटू दे जरा."

फुल्वियो मात्र त्या पायऱ्यांवर उभा राहून कान देऊन ऐकत होता. "किती शांत आहे हो इथे, सिन्योरा! एकाही गाडीचा आवाज नाही. आणखी असा बोळ आहे का जवळपास?"

बाईंनी कपाळावर आठ्या घातल्या. मेला दमत कसा नाही?

दुपारी त्यांनी हुकमी पत्ता काढला. मासळीबाजारापासून मोठ्या कालव्याच्या पलीकडे नेणारी होडी असते, तिच्यात गावची माणसं उभ्यानं जातात. जो बसला तो बाहेरचा. वल्ही मारणाऱ्या उगोला बाईंनी डोळा मारला आणि त्यानं नेमकी मालाची बोट लाटा उडवत येईपर्यंत वाट पाहून होडी सोडली.

"बसायचं नाही हं, जावईबापू," उगो म्हणाला. "बसलात तर लग्न मोडलं समजा."

होडी मधोमध आली आणि डोलायला लागली. फुल्वियोने पाय फाकवले, हात पसरले, आणि आधाराला जे सापडलं ते धरलं. सापडली ती मासळी घेऊन निघालेल्या एका म्हातारीची पिशवी.

"सोड मेल्या, माझे बांगडे सांडशील!" म्हातारी ओरडली.

"धरू द्या आजी," उगो म्हणाला, "तुमच्याकडे इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी हात पुढे केलाय का?"

अख्खी होडी हसली. सगळ्यांत मोठ्यानं फुल्वियो हसला. पलीकडे उतरल्यावर त्यानं विचारलं, "परत जाऊ या का एकदा?" आणि खरोखरच गेला. आलाही. येताना हात न पसरता उभा होता.

"बाई," उगो कानाशी येऊन म्हणाला, "हा तर आपल्यातलाच निघाला की."

त्या रात्री बाईंना धड झोप लागली नाही.

रविवारी पहाटे भरतीचं पाणी गावात चढणार असल्याचा भोंगा वाजला तेव्हा त्यांनी देवाचे आभार मानले. दारात घोटाभर पाणी चढलं. बाईंनी कपाटातून नवऱ्याचे जुने गमबूट काढून जावयापुढे ठेवले. त्यातला डावा फाटका आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एका मोज्यात बर्फासारखं पाणी घेऊन तो माणूस दुपारपर्यंत गावभर चुबुक चुबुक करत हिंडला आणि लहान पोरासारखा खिदळत राहिला. पूल आला की धावत चढायचा. बाईच मागे राहून कठड्याला टेकून दम खात होत्या.

आणि तिथंच, दम खाता खाता, त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला हाकलायचं कशाला? हा इथंच राहिला तर पोरगीही इथंच राहील! एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. मग काय विचारता! फुल्वियोला कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन वाइनचा पेला पाजला, भेटेल त्याला "हा माझा जावई" म्हणून सांगितलं, आणि घरी येऊन फ्रितोले, म्हणजे कार्निव्हलचे मनुका घातलेले गोड गोळे, तळायला घेतले. कार्निव्हलला अजून आठवडा होता, पण आनंदाला मुहूर्त लागतो का?

संध्याकाळी जेवण झालं. पहिला गरमगरम गोळा साखरेत घोळवून फुल्वियोने तोंडात टाकला आणि म्हणाला, "सिन्योरा, माझं ठरलं. लग्नानंतर आम्ही इथंच राहणार. माझं काम घरी बसूनही होतं."

बाईंनी त्याचा पटकन मुका घेतला. "मागची खोली तुमची! उद्याच रंग काढते."

"माझी नाही," देल्फीना म्हणाली. "मी उद्या तुरीनला चाललेय. नोकरी मिळालीय मला तिथं."

"हा इथं राहतोय आणि तू तिथं?"

"आई, मला कुणी ओढून नेत नाहीये. मीच चाललेय. वाण्याचं सामान घेऊन पूल चढून चढून माझे गुडघे गेले. लहानपणापासून दर हिवाळ्यात ओले मोजे शेगडीवर वाळवतेय. या माणसाच्या घराला लिफ्ट आहे हे ऐकलं आणि मी त्याच्याशी दुसऱ्यांदा बोलले."

फुल्वियोच्या हातातला गोळा हातातच राहिला. "फक्त लिफ्टसाठी?"

"सुरुवात लिफ्टनं झाली. पुढं तू आवडलास. पण तुला इथं राहायचं असेल तर खुशाल राहा. तुझं आणि आईचं छान जमेल. मी एकटी जाईन."

ती हे रागावून म्हणाली असती तर बाईंनी आरडाओरडा केला असता. ती शांतपणे म्हणाली, आणि बाईंना कळलं की ही खरंच जाणार. मघाशी मुका घेतलेला जावई समोर बसला होता आणि पोरगी हातातून निघाली होती. स्वतःच्या हातानं घालवली होती की!

बाईंनी झारा खाली ठेवला आणि फुल्वियोकडे वळल्या.

"बाळा, ऐक माझं. हे गाव राहण्यासारखं नाही."

"सिन्योरा, तुम्ही उगाच—"

"गप्प बैस! भिंतींना ओल आहे, दर वर्षी गिलावा पडतो. नळवाला बोलावला की महिनाभर येत नाही. शेजारी कुणी उरलं नाही, वर-खाली सगळी भाड्यानं दिलेली पाहुण्यांची घरं. हा आजारी पडला तेव्हा," त्यांनी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट केलं, "ओहोटी होती. दवाखान्याची बोट दारापर्यंत येऊ शकली नाही. खुर्चीत बसवून चौघांनी पुलांवरून नेला त्याला."

देल्फीना आईकडे बघतच राहिली. गावाबद्दल एक वाकडा शब्द तिनं या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"पण किती सुंदर आहे हो," फुल्वियो हळूच म्हणाला.

"सुंदर आहे, मग काय चाटायचंय?" बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "उद्या तिच्याबरोबर जा. तिला एकटीला जाऊ देऊ नकोस. एकटीनं राहायचं म्हणजे काय, ते मला विचार."