दस्त्यावरचे दोन खळगे

"एक ओरखडा दिसता कामा नये, गेनबा. आरसा झाला पायजे, आरसा!"

वारज्याचे हिंदुराव शिलेदार बंदूक ओट्यावर ठेवत गरजले. दसऱ्याला त्यांचा मुलगा संभाजी ती घेऊन पहिल्या मोहिमेवर निघणार होता. कसब्यातल्या गेनबा सुतारानं बंदुकीचा लाकडी दस्ता मांडीवर घेतला. लाखेची चकाकी ओरखड्यांनी भरली होती, काही खोगिराचे, काही काट्याकुट्यांचे. टोकाशी मात्र तांदळाच्या दाण्याएवढे दोन खळगे, अगदी शेजारी शेजारी.

"हे काय मालक, उंदीर लागला होता?"

"तेच आधी बुजव," म्हणत हिंदुराव तडक निघून गेले.

दुपारी पदर सावरत त्यांची बायको मथुराबाई आली.

"दादा, ते दोन खळगं ऱ्हाऊ द्या. संभाला पैलं दात फुटलं तवा चावलंय त्यानं. धनी मोहिमेला निघालं हुतं, अन् हा दस्ता सोडंना! आता त्योच निघाला. मला काय त्याच्यासंगं जाता येतंय? एवढं तरी जाऊ द्या."

"ते म्हणतात बुजव, तुम्ही म्हणता राहू दे. अडकित्त्यातली सुपारी झालोय मी!" गेनबा करवादला. पण बाईचे डोळे भरलेले बघून त्याचाही जीव गलबलला.

ओरखडे त्यानं विटेच्या वस्त्रगाळ भुकटीनं आणि जवसाच्या तेलानं घासून घालवले. खळग्यांत एरवी तो लाकडाच्या रंगाची लाख भरायचा. या खेपेला रंगच घातला नाही. नितळ लाख तापल्या सळईनं भरली आणि घासून सपाट केली. बोटाला काही लागेना, पण उन्हात धरलं की आत दातांच्या दोन खुणा दिसायच्या. स्वतःच्याच अकलेवर गेनबा बेहद्द खूश झाला.

हिंदुराव आले. दस्त्यावरून अंगठा फिरवला. "वा रे पठ्ठ्या!" मग दस्ता उन्हात तिरपा केला आणि डोळे बारीक करून टोकाकडे निरखून बघितलं. गेनबानं मनातल्या मनात कसब्याच्या गणपतीला हाक मारली.

"आमच्या घरनं कुनी आलं व्हतं?"

"मालक, त्याचं असं झालं..."

"कळलं." हिंदुरावांचा आवाज एकदम उतरला. "मोहिमेत माजा अंगठा तिथंच जायाचा गेनबा, अन् घरची सय यायची. म्हनलं, पोराला असलं मागं वढनारं काय नको."

"मग बुजवू का नीट?"

"नको. ऱ्हाऊ दे."

त्यांनी बंदूक शेल्यात गुंडाळून छातीशी धरली. बोळाच्या वळणापर्यंत गेनबा बघत होता. शेल्यात हात घालून त्यांचा अंगठा दस्त्याचं टोक चाचपत होता. तिथं आता काहीच लागत नव्हतं.