माझ्यामागची अकरा मुलं

तपासणीत शाळेला ‘अ’ श्रेणी मिळाली, तर नव्या मुख्याध्यापिकाबाईंची तात्पुरती नेमणूक कायम होणार होती. ‘ब’ मिळाली, तर दुसऱ्या शाळेत साध्या शिक्षिका म्हणून परत जावं लागणार होतं. हे मला कसं ठाऊक? मित्रांनो, मी एक जुना, घडीचा लाकडी पडदा आहे. भिंतीला कान असतात हे सगळे जाणतात. पडद्यालाही असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

सुताराने मला मोडक्या कपाटांच्या दारांपासून बनवलं. एका मोठ्या खोलीचे दोन वर्ग करायचे, एवढंच माझं काम. पण शाळेतल्या सर्वांत जुन्या सरांनी माझा आणखी एक उपयोग शोधला. तपासणीच्या दिवशी चौथीतली वाचताना अडखळणारी मुलं माझ्यामागे बसवायची, हाती चित्रकलेचा कागद द्यायचा आणि तोंडावर बोट. पुढच्या मुलांचं वाचन ऐकून तपासणीला आलेले साहेब खूश. “शाळेची अब्रू हाच राखतो,” म्हणत सर मला थाप मारायचे. मीही फुशारायचो, खोटं कशाला बोलू? अशी सात वर्षं गेली.

बाई आल्या आणि रोज पहिला तास तसल्या अकरा मुलांत जमिनीवर बसू लागल्या. कार्यालयात कागद साचले.

“मॅडम, शाळा खुर्चीवरून चालते,” सर म्हणाले.

“मग चालवू दे तिला. मी तोवर यांचं वाचन बघते.”

तपासणीच्या सकाळी मात्र बाई घुटमळल्या. सर समजावत होते, “आजचा दिवस निभावून न्या. वाचन काय, उद्याही होईल. नेमणूक उद्या होणार नाही.”

बाई वाटेतून बाजूला झाल्या. शिपाईमामांनी मला ओढून उभं केलं. मागे अकरा मुलं श्वास रोखून बसली. आपली बिजागरी करकरेल, या धास्तीने मीही ताठ.

पुढे वाचन रंगात आलं आणि मागे एका मुलीला शिंक आली. हळू वाचते म्हणून वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा.

“मागे कोण आहे?” साहेबांनी विचारलं.

“जुनं सामान, साहेब,” सर चटकन म्हणाले.

“सामानाला सर्दी झालीय वाटतं.”

बाई उठल्या. त्यांनी मला बाजूला सरकवलं. “सामान नाही, साहेब. माझी मुलं आहेत. लपवू दिली, ती चूक माझी.”

गोगलगायीला वाचायला सांगितलं. तीन ओळी झाल्या. चौथ्या ओळीत ती अडली. पुढून कुणीतरी शब्द सांगू लागलं.

“थांब रे. तिचं तिला वाचू दे,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, सरांनी छत. तिचं बोट अक्षराअक्षरावर सरकत होतं. बऱ्याच वेळाने शब्द निघाला, अख्खा. तशी उरलेल्या दहाजणांनी हात वर केले.

श्रेणी ‘ब’ आली. बाई गेल्या, सर मुख्याध्यापक झाले. पुढची तपासणी सोमवारी आहे आणि आज मामांनी मला पुसून ठेवलं आहे. मित्रांनो, मला सरपणात घाला, पण माझ्याआड मूल बसवू नका. हिशेब सरळ आहे. बाईंनी एकदाच किंमत मोजली, तीही पदरमोड करून. सरांनी आणि मी सात वर्षं ‘अ’ श्रेणी मिरवली. तिची किंमत दरवर्षी माझ्यामागे गप्प बसलेल्यांनी मोजली.