टायटेनियमची फ्रेम आणि मानाची सीट

बोर्गोसेल्वा गावच्या सायकल क्लबात माणूस सत्तर वर्षांचा झाला की त्याला मान म्हणून व्हॅनमध्ये बसवत. रविवारी सगळे सायकलींवर पुढे निघाले की मागून क्लबची पांढरी व्हॅन जायची. तिच्यात जादा चाकं, पंप, सगळ्यांची जाकिटं आणि खाण्याच्या टोपल्या असत. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर क्लबाने वर्गणी काढून मऊ गादी बसवून घेतली होती. सत्कारमूर्तीने तिथे बसायचं, खिडकीतून हात काढायचा आणि मागे पडलेल्यांना धीर द्यायचा. मान मोठाच होता. फक्त एकदा त्या सीटवर बसलेला माणूस पुन्हा सायकलवर बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. तिथून एखादा अपवाद सोडला तर जो तो चर्चमागच्या दफनभूमीत, सरूच्या झाडांखाली गेला होता. तेव्हाही गाडीतूनच, पण ती गाडी काळी असे.

फेब्रुवारीत सीट अशीच रिकामी झाली. एर्मेस फावारेत्तोला जूनमध्ये सत्तरावं संपत होतं. कार्यकारिणीने त्याला न विचारता एकमताने ठराव केला आणि अध्यक्ष मोरेनोने तो कॅफेत सगळ्यांदेखत जाहीर करून टाकला. मोरेनो बावन्न वर्षांचा, शर्यतवाल्यांसारखे पायांवरचे केस गुळगुळीत काढलेला आणि गावातल्या एकमेव सायकलच्या दुकानाचा मालक होता.

"सीट मऊ आहे," मोरेनो म्हणाला. "दुइलिओ गाडीही सावकाश चालवतो. तुला झोप लागली तरी चालेल."

दुइलिओ, व्हॅनचा ड्रायव्हर, कोपऱ्यात कॉफी ढवळत होता. वय शहात्तर. तोही असाच मानाने गाडीत आला होता आणि पुढे डोळे शाबूत आहेत म्हणून त्याला बढती मिळून स्टिअरिंग हातात आलं होतं.

"मला झोप घरी लागते," एर्मेस म्हणाला.

"हट्ट करू नकोस. तुझ्या त्या स्टीलच्या सायकलीकडे बघ एकदा. गंजलीये पार. तिलाही आता विश्रांती दे."

"बरी आठवण केलीस. नवी घेतोच आहे मी. टायटेनियमची."

हे एर्मेसला स्वतःलाही त्याच क्षणी कळलं. पण शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांच्यात खोट काढण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

कॅफेत हशा पिकला. बोर्गोसेल्वात देव आहे की नाही यावर दोन मतं चालत, पण फ्रेम कार्बनचीच हवी यावर एकच मत होतं, आणि ते मोरेनोच्या दुकानात मिळत असे. कार्बन पिसासारखा हलका. ॲल्युमिनियम गरिबांना ठीक. स्टील आठवणी काढायला. टायटेनियम म्हणजे ज्यांना पैसे कुठे घालवावेत ते कळत नाही अशा वकिलांचं खेळणं.

"अरे, ती फ्रेम जन्मभर टिकते," मोरेनो म्हणाला. "तुला आता कितीशी वर्षं हवीय ती?"

"चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या खुब्यात टायटेनियम बसवलंय," एर्मेस म्हणाला. "तेव्हा डॉक्टरने नाही विचारलं कितीशी वर्षं हवंय म्हणून."

घरी त्याची मुलगी कातिया वाट पाहत बसली होती. गावात बातमी सायकलीपेक्षा लवकर पोचते.

"बाबा, तेवढ्यात एक बऱ्यापैकी जुनी मोटार येते."

"मोटार आहे आपल्याकडे."

"आणि तुमच्यानंतर त्या सायकलीचं मी काय करू? मला तर चालवताही येत नाही."

"ती गंजत नाही. तू शिकेपर्यंत थांबेल."

कातियाने भांडी घासायला घेतली. ती नेहमीपेक्षा जरा जोरात घासली गेली.

टायटेनियमच्या फ्रेमी बनवणारी निवेस दोन दऱ्या पलीकडे, एका जुन्या दुग्धालयात काम करायची. पन्नाशीची, आखूड केसांची बाई. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हिशेबाने घ्यायची असेल तर घेऊ नका."

"तुम्ही विकायला बसलायत की लोकांना परत पाठवायला?"

"जे आहे ते सांगते. कार्बन याहून हलका आहे. चांगलं स्टील जवळजवळ असंच चालतं आणि निम्म्याहून कमी किमतीत येतं. रस्त्याचा खडखडाट टायटेनियम गिळतं म्हणतात, पण त्यातलं अर्धं काम टायर करतात."

"मग लोक घेतात तरी कशाला?"

"रंग लागत नाही, गंज चढत नाही. ओरखडा गेला तर भांड्याच्या घासणीने पुसायचा. सांधा नीट जोडलेला असेल तर विचारायलाच नको." तिने भिंतीवर टांगलेल्या एका नळीकडे बोट दाखवलं. नळीच्या सांध्यावर मोरपिसासारखा निळा-जांभळा रंग चढला होता. "जोडताना हवा लागली की असं होतं. ठिसूळ, टाकाऊ. नजरेसमोर राहावं म्हणून टांगलंय. येणारा प्रत्येक जण म्हणतो, मला अश्शीच करून द्या."

एर्मेसच्या ओठांवर तेच शब्द आले होते. त्याने खोकून घेतलं.

मग निवेसने मापं घेतली. हात, पाय, खांदे. शेवटी तिने त्याला पाय न वाकवता अंगठे धरायला सांगितलं. ते धरले गेले, पण गुडघ्यांनी मधल्या मध्ये तडजोड केली.

"पुढची नळी मी दोन बोटं उंच ठेवते," निवेस लिहिता लिहिता म्हणाली. "हँडल वर येईल. आज तुम्हाला गरज नाही, पण ऐंशीला पाठ एवढी वाकणार नाही."

गेले काही महिने गावातला प्रत्येक जण त्याच्याकडे पाहून उलटी मोजणी करत होता. ऐंशीपर्यंत धरून चालणारं माणूस त्याला प्रथमच भेटत होतं.

"पंच्याऐंशी धरा," तो म्हणाला.

"मग तीन बोटं," निवेस म्हणाली आणि आधीचा आकडा खोडला.

जूनच्या त्या रविवारी मानाच्या सीटला फीत बांधलेली होती. एर्मेस आला तो राखाडी, बिनरंगाच्या सायकलीवरून. सायकलवाल्यांच्या रीतीप्रमाणे आधी कोणी त्याचं अभीष्टचिंतन केलं नाही. प्रत्येकाने पुढे होऊन एका बोटाने सायकल उचलून पाहिली.

"जड आहे," मोरेनोने निकाल दिला. "आणि हे हँडल कसलं? भाजी आणायला निघालास का?"

"पंधरा वर्षांनी तीही आणीन."

"हे बघ, आज तुझा मान आहे. दारू, जॅमचा केक, सगळं व्हॅनमध्ये ठेवलंय. घाटमाथ्यावरच्या छोट्या चर्चपाशी कापायचा. निदान आजच्या दिवस तरी बस."

"मी वर भेटतो," एर्मेस म्हणाला आणि पेडलवर पाय ठेवला.

क्रोचेराचा घाट बारा वळणांचा. तिसऱ्या वळणावर पुढची मंडळी दिसेनाशी झाली. एर्मेस सगळ्यांत शेवटी, आणि त्याच्या मागे व्हॅन. टायटेनियमने चढ तसूभरही कमी झाला नव्हता, हे त्याला मान्य करावं लागलं. निवेस खोटं बोलली नव्हती.

दुइलिओने खिडकीतून डोकं काढलं. "दार उघडंच आहे."

"लाव ते. वारा लागेल तुला."

दोन वळणं गेली. "क्लच जळाल्याचा वास येतोय," दुइलिओ म्हणाला. "जरा जोरात चालव."

"बदलून घे. मी खुबा नाही का बदलला."

दहाव्या वळणावर झरा होता. एर्मेस बाटली भरायला उतरला आणि सायकल कठड्याला टेकवली. दुइलिओही उतरला, सायकलीपाशी आला आणि एका बोटाने उचलून पाहिली.

"मला वाटलं, हलकी असेल."

"नाहीये."

"मग आहे काय हिच्यात?"

"उद्या पण चालवता येते," एर्मेस म्हणाला.

दुइलिओने खाली वाकून रविवारच्या पँटची टोकं मोज्यांत खोचली. हे कशाचं लक्षण आहे ते लक्षात यायला एर्मेसला उशीर झाला. तोवर म्हातारा टांग टाकून बसला होता.

"अरे, ती तुझ्या मापाची नाहीये."

"व्हॅन तरी कुठे माझ्या मापाची होती," दुइलिओ म्हणाला. "सहा वर्षं पहिल्या गिअरमध्ये तुमची बुडं बघत येतोय मी." आणि तो निघाला, आधी नागमोडी, मग सरळ.

एर्मेस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. व्हॅनचं इंजिन चालू होतं. दोन्ही दारं उघडी होती आणि सीटवरची फीत वाऱ्याने हलत होती. खुबा ठणकत होता, नेमका टायटेनियमचा नव्हे, दुसरा. वर जायला व्हॅनखेरीज साधन नव्हतं आणि बघायलाही कोणी नव्हतं.

त्याने आत हात घालून हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. चाकाखाली एक धोंडा सरकवला. मग खाली लोखंडी पट्टी असलेल्या सायकलच्या बुटांनी टक् टक् करत तो घाट चढायला लागला.

वरच्या चर्चपाशी मंडळी वाऱ्यात कुडकुडत उभी होती. जाकिटं व्हॅनमध्ये होती. आधी दुइलिओ आला, घामाने निथळत, मोजे पँटवर. नंतर बऱ्याच वेळाने एर्मेस आला, पायी.

"व्हॅन कुठंय?" मोरेनोने विचारलं.

"झऱ्यापाशी," दुइलिओ म्हणाला.

"चालवतंय कोण?"

"कोणी नाही." एर्मेसने खिशातून किल्ली काढून पुढे केली. "अध्यक्ष तू आहेस."

क्लबात दुसरं कोणी जाईना. शेवटी मोरेनो आपल्या कार्बनच्या सायकलीवरून खाली गेला आणि व्हॅन घेऊन वर आला. सायकल मागे जादा चाकांच्या ढिगात ठेवली तर फ्रेमला चीर जाईल, ही त्याला धास्ती. त्यामुळे फीत लावलेल्या मानाच्या सीटवर, मऊ गादीवर, पट्टा बांधून त्याने आपली सायकलच बसवली होती.

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी जाकिटं घातली. जॅमचा केक कापला गेला.

दुइलिओ अजून सायकल सोडायला तयार नव्हता. एका हाताने हँडल धरून तो दुसऱ्या हाताने खात होता.

"त्या बाईचा नंबर दे मला."

"ती सांगेल, स्टील पुरे आहे."

"मी पुरे का हे विचारायला जात नाहीये," दुइलिओ म्हणाला. "नव्वदीचं माप द्यायला जातोय."