नावाने शोध

धाकटीने गच्चीवाला फ्लॅट घ्यायचं ठरवलं आणि त्याचा सर्च नेमका थोरलीकडेच आला, तेव्हा थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नव्हतं.

थोरली एका वकिलांसाठी सर्च काढायची. म्हणजे नोंदणी कचेरीत बसून तीस वर्षांच्या नोंदी चाळायच्या, घर कुणाकडून कुणाकडे गेलं ते पाहायचं आणि कुठे कर्जाचा बोजा किंवा भांडण आहे का ते हुडकायचं. बावीस वर्षं तिने लोकांच्या घरांची लफडी बाहेर काढली होती. बहिणीच्या फ्लॅटमध्ये एखादं निघालं असतं, तर तिला वाईट वाटलं नसतं, हे सांगून टाकलेलं बरं.

धाकटीला हौशी नवरा, हसताना गालावर खळी, आणि आता वर गच्ची! थोरलीच्या पदरात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे, लहानपणी धाकटीने तिचे उतरलेले फ्रॉक घातले होते. दुसरी, आईने राहतं घर नऊ वर्षांपूर्वी बक्षीसपत्र करून थोरलीला दिलं होतं, धाकटीला वगळून. जळफळाट फार झाला की ती हे आठवायची आणि मग तिला जेवण जायचं.

फ्लॅट धुतल्या तांदळासारखा निघाला. वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली होती, तिचे चौदा दिवसही सरले. कुणाची हरकत आली नाही. थोरलीची होती, पण ती कुठल्या कागदावर लिहून देणार?

शेवटी तिने स्वतःचाच नियम मोडला. सर्च घराचा काढायचा, माणसाचा नाही, असं ती नवशिक्यांना बजावायची. आज तिने अर्जावर धाकटीचं नाव लिहिलं.

कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "नावाने? ताई, तुम्ही?"

"मी. काढा की."

नावाखाली दोनच दस्त निघाले, दोन्ही नऊ वर्षांपूर्वीचे. पहिल्यात आईने राहतं घर बक्षीस दिलं होतं, धाकटीला. दुसऱ्यात सोळाच दिवसांनी धाकटीने तेच घर आईला परत बक्षीस दिलं होतं. थोरलीच्या नावाचं बक्षीसपत्र त्यानंतरच्या आठवड्यातलं. जगाची घरं तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या घराचा सर्च कधी काढला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दस्तात कारणही लिहिलं होतं. 'माझी थोरली बहीण आईजवळ राहते. तिला या घराची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे.'

गरज! नऊ वर्षं हे वाक्य कचेरीत पडून होतं आणि अर्ज करील त्याला वाचता येत होतं. नोंदलेला दस्त सगळ्या जगाला ठाऊक आहे असं कायदा धरून चालतो, हे तिनेच कितीतरी जणांना ऐकवलं होतं. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. धाकटी वाईट वागली असती तर सोसलं असतं. पण चांगुलपणातही तिनेच पुढे असावं?

एवढ्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, निघालं का गं काही?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"आणि तू... फक्त फ्लॅटच बघितलास ना?"

थोरलीने समोरचे दोन कागद उलटे करून ठेवले.

"घरच बघतात. माणूस कोण बघतंय?"

"हां," धाकटीचा आवाज सैल झाला. "मग रविवारी आईला घेऊन ये ना. गच्चीत बसू."

थोरलीने अहवाल लिहिला. मालकी निर्वेध, कोणताही बोजा नाही. सही करताना पेन कागदात रुतलं.

घरी आली तर आई दारातच. "झालं का गं धाकटीचं काम?"

"झालं."

"मग अशी उंबऱ्यात काय उभी? ये की आत."

थोरली आत आली नाही. तिला ते फ्रॉक आठवत होते, कंबरेत आवळलेले, खालून दुमडलेले. धाकटी कुरकुरायची, पण घालायची. तिला निदान माहीत असायचं, की हा ताईचा उतरलेला आहे.