भिंगावरचं कुंकू

मित्रांनो, माझ्या डोक्यावरचा हा मातीचा डोंगर पाहून हसू नका. मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. काचेवरचं लहानसं चित्र दिव्याच्या उजेडाने भिंतीवर मोठं करून दाखवायचं, हे माझं काम. डोंगर वाहण्याची हौस मला कधीच नव्हती. पण तो उतरवा, असंही मी म्हणणार नाही.

चिंचवडजवळच्या एका शाळेत मी आलो तेव्हा आजूबाजूला कारखाने उभे राहत होते. अशाच एका कारखान्याने मला शाळेला भेट दिलं. मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी माझ्यासाठी मखमलीचं आवरण शिवून घेतलं. मग काय, मी फुगलो.

चौथीचा वर्ग प्रभावतीबाईंचा होता. त्यांनी एका रुंद फळीवर काळ्या मातीचा पुणे जिल्हा केला होता. सह्याद्री बोटाला टोचेल असा, इंद्रायणी म्हणजे निळी लोकर, आळंदीला तुळशीचा मणी, चाकणला कांद्याचं बी. मुलं फळीभोवती कोंडाळं करून बसत. रावेतहून पायी येणारी रंभा त्यात सगळ्यांत पुढे. नाक मातीला लागेल इतकी ती वाकायची आणि बोटाने नदी धरून वाटेतलं गाव न् गाव बिनचूक सांगायची.

माझं टेबल ठेवायला जागा हवी होती. "आता ही माती कशाला? यंत्र आलंय ना," अण्णासाहेब म्हणाले. शिपाई सयाजीने फळी उचलली आणि सगळा सह्याद्री मागच्या कडुलिंबाखाली रिकामा केला. मला तेव्हा बरंच वाटलं. आज सांगताना लाज वाटते.

थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, मग शाळेने तरी का मागे राहावं? सयाजीने मला झेंडूचा हार घातला आणि पुढचं गोल भिंग हेच माझं कपाळ समजून त्याला हळद-कुंकू लावलं. दसऱ्यानंतर खिडक्यांना घोंगड्या बांधून माझा पहिला तास झाला, तर भिंतीवर पुणे जिल्हा तांबूस, धुरकट उमटला. वर्ग हसला. बाईंनी भिंग पुसायला लावलं.

तेव्हापासून सगळ्यांच्या मनात एकच बसलं, की चित्र पुसट दिसलं तर दोष कुंकवाचा. रंभा उंच होती. तिची सावली पडू नये म्हणून तिला मागच्या बाकावर बसवलं होतं. तिथून ती म्हणे, "बाई, पुसट दिसतंया."

"सयाजी, कुंकू राहिलंय बघा," बाई म्हणत. सयाजी धोतराच्या सोग्याने भिंग पुसे.

"आता दिसतं ना सगळ्यांना?"

"हो बाई," सगळा वर्ग ओरडे. त्या आवाजात रंभाही हळूच हो म्हणे. भिंग तर केव्हाच स्वच्छ झालं होतं. मी आपला पुसून घेत होतो आणि खूश होत होतो.

एकदा बाईंनी तिला भिंतीपाशी बोलावलं. "सह्याद्री दाखव बरं." रंभा जवळ गेली तशी तिचीच सावली जिल्ह्यावर पडली आणि होतं नव्हतं ते काळं झालं. तिने भिंतीवरून तळहात फिरवला.

"बाई, हिथं डोंगुर हाताला लागत न्हाई."

वर्ग खो-खो हसला. बाईंना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "खाली बस," त्या म्हणाल्या, जरा जोरातच.

नंतर रंभाने काही विचारलं नाही. परीक्षेत ती नापास झाली. तिची आई येऊन म्हणाली, "तिच्या डोस्क्यात काय शिरत न्हाई, बाई. घरी भाकऱ्या तरी थापंल." बाईंनी थोडं समजावलं, मग सोडून दिलं.

काही वर्षांनी शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले. एक मुलगा मान तिरपी करून, डोळे बारीक करून फळ्याकडे बघत होता, रंभा बघायची तसाच. त्याला जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी त्याला लगेच पुढच्या बाकावर बसवलं. शाळा सुटल्यावर माझ्याजवळ आल्या आणि मखमल सारून म्हणाल्या, "तिला दिसतच नव्हतं रे. आणि आपण भिंग पुसत बसलो."

त्याच रविवारी त्या रावेतला गेल्या. रंभाला चष्मा करून दिला. पण शाळेत चल म्हटल्यावर ती हसून म्हणाली, "आता ल्हान पोरांत बसू व्हय?" हे बाईंनी दुसऱ्या दिवशी सयाजीला सांगितलं.

पुढे माझा दिवा गेला, तसा दुसरा मिळेना, आणि मी अडगळीत पडलो. बाईंनीच मला वर्गात परत आणलं आणि माझ्या पत्र्याच्या पाठीवर नव्याने माती थापली. तोच सह्याद्री, तीच निळी लोकर.

मित्रांनो, वर्गात नवं यंत्र जरूर आणा, पण त्याच्यासाठी हाताला लागणारी माती फेकू नका. आणि कुणी 'दिसत नाही' म्हणालं, तर भिंग पुसण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघा.

परवा रावेतची एक तरुण आई मुलीला शाळेत घालायला आली होती. डोळ्यांवर जाड चष्मा. ती माझ्यापाशी वाकली, मुलीचं बोट धरून मातीवर ठेवलं आणि म्हणाली, "बघ, हिथं डोंगुर लागतो."

मातीखाली मी आहे, हे तिने ओळखलं नाही. तेच बरं झालं.