दोन चिठ्ठ्यांचं टेबल

मी एक जुनं टेबल आहे. पूर्वी माझ्याभोवती चौदा मुलं बसत. आता कोपरं आखडून सहा माणसं कशीबशी मावतात. हे कसं झालं ते सांगायला मला गोड वाटत नाही. तरी सांगताना काही लपवणार नाही, कारण मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या कॉलेजात जातील आणि काही त्याच कॉलेजात साहेबाच्या खुर्चीवर बसतील.

माझं लाकूड कापराच्या झाडाचं. ताइनान शहरातल्या आमच्या विद्यापीठाच्या आवारात ते झाड वादळात पडलं आणि त्याचा बुंधा दोन वर्षं सुतारशाळेमागे वाळत होता. त्याच सुमारास पाणी-अभियांत्रिकीचे त्साय सर आणि इतिहासाच्या वेंग बाई यांनी मिळून मुलांसाठी एक जोडविषय काढला. मुख्य विषय ज्याचा त्याचा, जोडीला हा. नाव ‘नदी आणि गाव’. पुराचं पाणी कुठून येतं ते सरांनी शिकवायचं आणि येत असूनही माणसं तिथेच का राहतात ते बाईंनी. दोन्हीकडची मुलं समोरासमोर बसावीत म्हणून एक लांब टेबल हवं होतं.

आमच्याकडे विद्यापीठाच्या प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी डकवलेली असते. तिच्यावर वस्तूचा क्रमांक, विभाग आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचं नाव. एका वस्तूला एकच विभाग. दोघांच्या वस्तूसाठी कागदावर रकानाच नाही. त्साय सरांनी यावर तोड काढली. कागदावर दोन टेबलं लिहिली, एक इकडचं, एक तिकडचं. पण सुतार आ-शुइ काकांना मात्र एकच अखंड टेबल करायला सांगितलं. काकांनी रंधा थांबवून विचारलं, “सर, चिठ्ठ्या दोन आणि पाय चारच? उद्या कोणी मोजायला आलं तर?”

“काका, टेबलं कोण मोजत बसतं?” सर म्हणाले.

माझ्या एका टोकाला एक चिठ्ठी लागली, दुसऱ्या टोकाला दुसरी. जोडविषयातल्या सर्वांत मोठ्या विषयाचंही त्यांनी तसंच केलं. शिकवायचे दोघं मिळून. कागदावर मात्र अर्धा विषय इकडे, अर्धा तिकडे.

पहिली बारा वर्षं सुखाची गेली, हे कबूल करायलाच हवं. अभियांत्रिकीची मुलं पट्ट्या आणि पाण्याचे आकडे घेऊन यायची, इतिहासाची मुलं पिवळे पडलेले जमिनीचे कागद. एकमेकांना टोमणे चालायचे. “तुम्ही पूर मोजा, आम्ही पुरात वाहून गेलेले मोजतो,” असं इतिहासाची एक मुलगी म्हणाली होती आणि समोरच्या मुलाने चहा बाजूला ठेवून तिचे कागद आपल्याकडे ओढले होते. बाहेरगावचे पाहुणे आले की माझ्यावर थाप मारून म्हणायचे, असं टेबल आमच्याकडेही हवं. मला अक्षरं उशिरा कळली. लाकडाला कोण शिकवतं? पण मुलं पातळ कागदावर दाबून लिहायची, ओळी माझ्या अंगात उतरायच्या, आणि वर्षानुवर्षं त्या अंगावर वागवता वागवता मला वाचता येऊ लागलं.

मग त्साय सर निवृत्त झाले. वेंग बाई उत्तरेकडच्या विद्यापीठात गेल्या. दोन्ही विभागांना नवे प्रमुख आले. जोडविषय कोणी बंद केला नाही आणि कोणी शिकवायलाही धड आलं नाही. साफसफाई करणाऱ्या बायका दोन विभागांच्या दोन होत्या. जी ती आपल्या चिठ्ठीच्या बाजूने पुसत यायची आणि मध्याच्या जरा अलीकडे थांबायची. मध्ये हातभर पट्टा कोणाचाच नव्हता. तिथे धूळ साचली.

त्या पट्ट्यापाशीच हुआंग युन-शी बसायची. पाणी-अभियांत्रिकीची मुलगी, समुद्राकाठच्या मत्स्यतळ्यांच्या गावातली. तळ्यांसाठी जमिनीतलं गोडं पाणी उपसून उपसून त्यांचं गाव खचत चाललं होतं. रस्ता दर काही वर्षांनी भर घालून उंच करत, त्यामुळे समुद्राची देवी माझू हिच्या देवळाच्या नऊ पायऱ्यांतल्या चारच वर उरल्या होत्या. पण वादळानंतर पाणी चार-चार दिवस देवळामागे का तुंबतं, हे नुसत्या आकड्यांनी सुटत नव्हतं. तिने इतिहासाच्या कपाटातून जुना नकाशा काढला. देवळामागे एक ओढा होता. पन्नास वर्षांपूर्वी तो बुजवून त्यावर तळी केली होती. पाणी आपली जुनी वाट शोधत येत होतं. युन-शीने माझ्यावर कागद पसरून नवा नकाशा काढला, इतका दाबून की देऊळ, तळी आणि तो ओढा माझ्या अंगावर कोरले गेले.

त्यांच्या तालुक्याच्या पाणी-निचरा कार्यालयात एक जागा निघाली. अट अशी की उमेदवाराकडे पदवी हवी आणि ‘नदी आणि गाव’चं प्रमाणपत्रही. अशी उमेदवार विद्यापीठात युन-शी एकटीच उरली होती. तेवढ्यात जोडविषय बंद झाल्याचा कागद निघाला. ज्यांचं शिक्षण पुरं झालंय त्यांनी जूनअखेर दोन्ही प्रमुखांचे शिक्के घ्यावेत, असं त्यात होतं.

ती इतिहासाकडे गेली. प्रमुख म्हणाले, मोठा विषय आमच्याकडे अर्धाच दिसतो. अर्ध्या विषयावर शिक्का कसा मारू? आधी त्यांचा आणा. अभियांत्रिकीचे प्रमुखही तेच म्हणाले, फक्त चहा विचारून. सहा दिवस ती या जिन्याने वर आणि त्या जिन्याने खाली करत राहिली. त्साय सरांना फोन केला, तर ते म्हणाले की आता माझा शिक्का चालत नाही, पोरी. वर्गातली मुलं चेष्टा करायची, शिक्का येईपर्यंत उरलेल्या चार पायऱ्याही जातील. ती हसायची. सहाव्या दिवशी हसली नाही. जून संपला. जागा दुसऱ्याला गेली.

जुलैत मालमोजणी आली. कारकून गुओ बाई यादी घेऊन आल्या. यादीत टेबलं दोन, खोलीत एक. दोन्ही विभाग म्हणाले, आमचं टेबल आम्हाला दाखवा. आ-शुइ काकांना घरून बोलावलं. ते आता वाकले होते. त्यांनी माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला.

“कागद खोटा आहे,” ते म्हणाले. “म्हणून लाकूड कापायचं?”

“काका, कागद बदलायला तीन शिक्के लागतात,” गुओ बाई म्हणाल्या. “करवतीला एकही लागत नाही.”

काकांनी करवत हातात घेतली नाही. नव्या सुताराने घेतली. त्याने मापून बरोबर मध्यावर कापलं, त्या धुळीच्या पट्ट्यातून. मग प्रत्येक तुकड्याला लोखंडाचे दोन दोन पाय लावले. यादी जुळली.

आता मी इतिहासाच्या कार्यालयात आहे. माझ्यावर किटली असते. माझा दुसरा तुकडा प्रयोगशाळेत सिमेंटच्या विटांखाली. सामान न्यायला आली तेव्हा युन-शी आधी तिकडे गेली, मग माझ्याकडे. तिने माझ्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तशी तिकडेही घासून आणली होती. दोन्ही कागद तिने कडेला कड लावून ठेवले. तिकडे तळी आली होती, इकडे देऊळ. ओढा कुठेच नव्हता. करवतीने जेवढं लाकूड खाल्लं, तेवढ्यातच तो होता.

तिने कागद घडी करून खिशात घातले आणि किटली पुन्हा जागेवर ठेवून गेली.

त्या सप्टेंबरात वादळ आलं. त्या जागेवर लागलेल्या माणसाने युन-शीच्या गावात दोन पंप बसवले होते. गुओ बाई माझ्यावर वर्तमानपत्र पसरून वाचत होत्या. त्यात होतं, देवळामागे पाणी पाच दिवस तुंबलं होतं.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. दोघांनी मिळून काही उभं कराल, तर कागदावरही ते एकच लिहा. त्यासाठी रकाना नसेल तर आधी रकाना पाडून घ्या. वेळ लागला तरी चालेल. आणि तुमच्याकडे पुसायचं फडकं आलं, तर आपल्या चिठ्ठीपाशी थांबू नका. हातभर पुढे जा.