साखळी तुटलेलं इंजिन

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे. लातूरच्या एका अभ्यासिकेमागे पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. तुम्ही सायकली लावता ना, त्या भिंतीच्या पलीकडेच. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझा आवाज ऐकला आहे, पण मला पाहिलेले मात्र थोड्यांनीच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडवले, मग त्यात चार पिस्टन बसवले. पिस्टन खालीवर होतात आणि त्यांच्या डोक्यावर व्हॉल्व्ह नावाची छोटी दारे उघडतात, मिटतात. पिस्टन वर येताना दार मिटलेलेच हवे, नाहीतर दोघांची टक्कर होते. ही वेळ चुकू नये म्हणून माझ्या पोटात एक साखळी असते. तिला टायमिंग चेन म्हणतात. दिसायला ती सायकलच्या साखळीसारखीच असते. व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा आणि पिस्टनना जोडलेला खालचा दांडा ती एकाच तालात फिरवते. ती बाहेरून कोणाला दिसत नाही, म्हणून तिची आठवणही कोणी काढत नाही.

मला बारा-तेरा माणसे बसतील अशा एका गाडीत बसवले आणि ती गाडी लातूरच्या नरसिंगने घेतली. नरसिंग तेव्हा ऐन तिशीत होता. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरी केली होती आणि घरात स्वतःच्या मालकीचे चाक असे हे पहिलेच. गाडी दारात आली त्या दिवशी त्याने बॉनेट उघडून गल्लीतल्या सगळ्यांना मला दाखवले. कोणी म्हणाले, "लई देखणं हाय रे." इंजिनाला देखणे म्हणणारी माणसे मला पुन्हा भेटली नाहीत.

नांदेड, धर्माबाद, नवरात्रात माहूरचा चढ, मी सगळीकडे धावलो. माहूरच्या घाटात इतर गाड्या धापा टाकत थांबायच्या, मी मात्र वर जाऊनच दम घेई. नरसिंग स्टिअरिंगवर थाप मारून म्हणे, "शाबास, पठ्ठ्या!"

मग भूकंप झाला. गणपती बोळवून माणसे झोपली होती आणि पहाटेच्या सुमारास जमीन हलली. आम्ही लातुरात होतो, आमच्या भिंतींना फक्त तडे गेले. पण उजाडता उजाडता किल्लारीकडची गावे पडल्याची बातमी आली. नरसिंगने पान्याने मागची बाके सोडवून अंगणात टाकली, पाण्याच्या घागरी भरल्या आणि निघाला.

तिकडे जे पाहिले ते मी सगळे सांगणार नाही. दगडामातीच्या जाड भिंतींची घरे होती, त्यांचे ढीग झाले होते. एका ढिगापाशी शिवमूर्ती नावाचा शेतकरी हातांनी दगड उपसत होता. त्याची आई, गुरम्मा, कमरेपर्यंत आत अडकली होती. चौघांनी मिळून तिला बाहेर काढले आणि माझ्या गाडीत गोधडीवर निजवले. तिच्या उशाशी तिची नात बसली, जेमतेम पाच वर्षांची. तिचे नाव सिद्धम्मा. पाऊस सुरू झाला होता. रस्त्यावर चिखल आणि गाड्यांची ही गर्दी. नरसिंग खड्डे चुकवत हळू हळू चालवत होता, तरी गुरम्मा कळवळायची. मग तीच म्हणायची, "चालव लेकरा, चालव. थांबू नको."

गुरम्मा वाचली. एक पाय अधू राहिला, पण वाचली. त्या दिवसांत आम्ही किती फेऱ्या केल्या ते नरसिंगने मोजले नाही. मीही मोजले नाही.

वर्षे गेली. गावे नव्या जागी वसली. लातुरात मात्र वेगळीच धांदल सुरू झाली. जिकडे तिकडे शिकवणीचे वर्ग, वसतिगृहे, खानावळी. उदगीर, देगलूर, हिमायतनगर, कुठून कुठून मुले येऊ लागली. नरसिंगने नांदेडची फेरी सोडली आणि औशाकडच्या गावांतून मुलींना वर्गाला आणायचे, संध्याकाळी घरी पोचवायचे, हे काम धरले. शहरात खोली घेऊन राहायला आईबाप सोडत नव्हते. पण नरसिंगमामाच्या गाडीने रोज जाऊन-येऊन शिकायला हरकत नव्हती. या गाडीला त्या गावांनी भूकंपात पाहिले होते. मागच्या बाकावर आता सिद्धम्मा बसायची. अकरावीत होती. मोठमोठ्याने सूत्रे पाठ करायची आणि बाकीच्या पोरी तिच्या चुका काढायच्या.

ते माझे सुखाचे दिवस होते. फक्त एक गोष्ट होती. सकाळी सुरू होताना माझ्या पोटात खळखळ वाजू लागली होती. साखळी सैल पडली होती आणि तिला ताणून धरणारा तुकडा झिजला होता. जरा तापलो की आवाज बंद व्हायचा. नरसिंग कान देऊन ऐके, मान हलवे आणि म्हणे, "पोरींची परीक्षा होऊ दे, मग उघडू." परीक्षा झाली की दुसरी परीक्षा येई.

एके दिवशी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर आम्ही औशाच्या रस्त्याला लागलो होतो. अचानक माझ्या पोटात कडाड्‌दिशी आवाज झाला आणि मी जागच्या जागी बंद पडलो. साखळी तुटली होती. वरचा दांडा थांबला, खालचा फिरतच राहिला आणि वर येणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळले. नरसिंगने गाडी कशीबशी कडेला घेतली. त्याने चावी फिरवली. पुन्हा फिरवली.

"मामा, बास करा!" सिद्धम्मा मागून ओरडली. "आत लोखंड फुटून राहिलंय. आवाज ऐका की!"

नरसिंगने चावीवरचा हात काढला. पोरी एका ओळखीच्या ट्रॅक्टरमधून घरी गेल्या. मला दोर बांधून लातूरला ओढत आणले, महेबूबभाईंच्या गॅरेजात.

महेबूबभाई साठीला टेकलेले मिस्त्री. गॅरेज पुढे आणि घर मागे. माझी देखभाल पहिल्यापासून त्यांच्याकडेच होती. त्यांनी माझे वरचे झाकण काढले आणि साखळीचा तुटका तुकडा बोटांवर धरून पाहिला.

"नवं इंजिन टाकावं लागंल का, महेबूबभाई?" नरसिंगने विचारले.

"काय करायचं नवं? याचं अंग शाबूत हाय. व्हॉल्व्ह वाकले, ते बदलू. चेन बदलू, ताणणारा तुकडा बदलू. हा उठतोय बघ. पण घाई करायची न्हाई."

घाई मात्र दारात येऊन उभी राहिली. दोनच दिवसांनी शिवमूर्ती गॅरेजात आला. टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला.

"नरसिंगभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पण गाडी न्हाई तर पोरगी घरी बसली. आणि पोरगी घरी दिसली की पाहुणे स्थळं घेऊन येतात. काल एक येऊन गेलं. माझी आई न्हाई म्हणून अडून बसली, तवा परत गेलं. मी तरी किती दिवस न्हाई म्हणू? एसटीला लोंबकळत मी तिला धाडणार न्हाई."

"औशाच्या बाजारापर्यंत थांबा," नरसिंग म्हणाला. "बाजाराच्या दिवशी या. गाडी सुरू दिसली न्हाई तर मग तुमच्या मनासारखं करा."

त्याच दिवशी तो एसटीने नांदेडला गेला आणि नवी साखळी, व्हॉल्व्ह अन् बाकीचे सामान घेऊन आला. महेबूबभाईंनी माझे डोके, म्हणजे हेड, उतरवले. पिस्टनवर ओरखडे होते पण भेग नव्हती. हेड घासून सरळ करायला लेथवाल्याकडे जाऊन आले. तळाशी पडलेले लोखंडाचे तुकडे वेचून काढले, मला डिझेलने धुतले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणी आतून धुतल्यावर किती हलके वाटते, काय सांगू! मग नवी साखळी चढली.

ती चढवताना दोन्ही दांड्यांवरच्या बारीक खुणा जुळवाव्या लागतात. महेबूबभाई वाकले, डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मग साखळी बसवली. आणि मला कळले, खूण चुकली आहे. साखळी दोन दात मागे बसली होती. मला कळले, पण मी सांगणार कसे?

बाजाराचा दिवस उजाडला. शिवमूर्ती आला. या खेपेला सिद्धम्माही त्याच्यासोबत होती. नरसिंग तर सकाळपासून येरझाऱ्या घालत होता.

"मारा आता चावी, महेबूबभाई!"

"थांब. आधी हातानं फिरवू."

त्यांनी खालच्या दांड्याला पाना लावला आणि मला हळूच फिरवू लागले. थोडे फिरलो आणि पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला टेकला. मी अडलो.

"घट्ट असंल," नरसिंग म्हणाला. "नवीन सामान हाय. जोर लावू का मी?"

"हात लावू नको!"

महेबूबभाई एवढ्या मोठ्याने कधी बोलत नसत. त्यांनी पाना काढला. बॅटरीच्या उजेडात पुन्हा खूण पाहिली, पुन्हा चष्मा पुसला. मग स्टुलावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "नरसिंग, मला खूण दिसंना झालीय. लई दिवस झाले. बोटांनी चाचपून, अंदाजानं काम करून राहिलो. कुणाला बोललो न्हाई. मिस्त्रीला दिसत न्हाई म्हटल्यावर कोण येणार गॅरेजात?"

नरसिंग त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

महेबूबभाईंनी मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा इकडं ये. तुझा चष्मा घेऊन ये."

त्यांच्या पत्नी सुलतानबी बाहेर आल्या. त्या घरी शिवणकाम करत. गळ्यात मापाची टेप तशीच होती. महेबूबभाईंनी बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि कुठे पाहायचे ते सांगितले. त्या माझ्यावर वाकल्या.

"ही सुईएवढी रेघ? आणि ही वरची? दोन्ही समोरासमोर पायजेत का?"

"हाव."

"मग ही लई मागं हाय की." त्या ताठ झाल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. "म्हणून तांदळातले खडे दिसत न्हाईत व्हय तुम्हाला? मी विचारलं तर म्हणता, लाईट कमी हाय. आज इंजिन अडलं म्हणून वाचलं. उद्या कुणाचा ब्रेक असाच अंदाजानं बसवला असता तर?"

महेबूबभाईंनी पाना पुन्हा हातात घेतला. म्हणाले, "खरं हाय तुझं. दवाखान्यात जाऊ. आता एवढी रेघ दाखव."

साखळी पुन्हा उतरली, पुन्हा चढली. हात महेबूबभाईंचे आणि नजर सुलतानबींची. "थोडं पुढं... अजून... बास, बास!" त्यांनी पुन्हा पाना लावून मला फिरवले. एक पूर्ण फेरा, मग दुसरा. कुठेच काही अडले नाही. दारे आपापल्या वेळी उघडत होती, मिटत होती.

"मार आता," महेबूबभाई म्हणाले.

नरसिंगने चावी फिरवली. आधी मी नुसताच खोकलो. डिझेलच्या नळ्यांत हवा होती. ती काढली. पुन्हा चावी. पांढऱ्या धुराचा एक लोट आला, मी थरथरलो आणि सुरू झालो. कसलीही खळखळ नाही, एकसारखा आवाज. सिद्धम्माने टाळी वाजवली. शिवमूर्तीने बॉनेटवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"उद्या सकाळी पोरगी फाट्यावर उभी राहील," तो नरसिंगला म्हणाला. "तुम्ही वेळेवर या म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेआधीच पोचलो.

त्याच आठवड्यात, मुलींना वर्गाला सोडून, नरसिंगने महेबूबभाईंना आणि सुलतानबींना गाडीत घातले आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया नीट झाली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर महेबूबभाई माझे बॉनेट उघडून म्हणाले, "अरे, किती मळलाय हा!" आणि फडके घेऊन पुसत बसले. आता त्यांना खुणा स्वच्छ दिसतात. तरी साखळीचे काम आले की सुलतानबींना हाक मारतात. त्या म्हणतात, "दिसतंय की तुम्हाला." ते म्हणतात, "दिसतंय. पण तू बी बघ."

सिद्धम्मा बारावी झाली आणि नांदेडला शिकायला गेली. तिच्यामागून तिच्या गावच्या आणखी मुली गाडीत बसू लागल्या. पुढे गाडीचा पत्रा गंजला, गाडी मोडीत निघाली. मी मात्र धड होतो. महेबूबभाईंनी मला लोखंडी चौकटीवर बसवले, वीज तयार करणारे यंत्र जोडून दिले आणि मी या अभ्यासिकेत आलो.

मला इथे बरे वाटते. पूर्वी मी मुलांना वर्गापर्यंत नेत होतो, आता मुलेच माझ्याजवळ येऊन बसतात. माझी तक्रार काही नाही. एक मागणे आहे. माझे तेल वेळेवर बघायला सांगा. शेडजवळून जाताना आवाज वेगळा वाटला तर पुढे जाऊ नका, कोणाला तरी बोलवा. आणि तुमचेही तसेच. फळ्यावरचे दिसेनासे झाले, डोके दुखू लागले, मन घाबरे झाले, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. ज्याला दिसते, ज्याला समजते, अशा माणसाला हाक मारा. त्यात कमीपणा नाही.

बघा, बोलता बोलता वीज गेली. रोज संध्याकाळी हिची हीच वेळ. तुमच्यातले कोणीतरी "अरे यार!" म्हणाले, तेही ऐकू आले. पुस्तक मिटू नका, मित्रांनो. बोट त्याच ओळीवर ठेवा. मी सुरू होतोय.